वस्तू क्रमांक एक्केचाळीस

किल्ली वाण्याकडे असते.
वाणी जेवायला गेलेला असतो.
तोवर जांभ्याच्या पायरीवर बसायचं,
दगडाच्या भोकाभोकांतून मुंग्या ये-जा करतात ते बघत.
मला घाई नसते. अशा ठिकाणी घाईनं येणारा माणूस
अजून जन्माला यायचाय.

आचवणे बंदराची जुनी जकात कचेरी:
तीन खोल्या, दोन ट्यूबलाइट,
त्यातली एक लागावं की नाही या विचारात.
तिकीट पाच रुपये. सुटे नसले तर
निवृत्त पोस्टमास्तर धुवाळी म्हणतात, पुढच्या वेळी द्या,
जणू पुढची वेळ
एस्टीच्या फलकावर रंगवून ठेवलेली आहे.

असली संग्रहालयं मी गोळा करतो, म्हणा ना.
एकात दीपस्तंभाच्या भिंगाचा तुकडा होता
आणि त्याच्या उजेडात झोपलेलं मांजर.
एकात शिंपल्यांना लॅटिन नावं,
पण तिसऱ्यांच्या चिठ्ठीवर कुणीतरी पेन्सिलीनं: छान लागतात.
एकाला कुलूपच होतं. मी हातांचा आडोसा करून
खिडकीतून पाहिलं, तर आतून भुशाचा बिबट्या
माझ्याकडे तसाच बघत होता.

इथं नांगर आहे. घंटा आहे.
होकायंत्र आहे, त्याची सुई उत्तर सोडून
खिडकीच्या गजाकडे वळलेली.
बर्फाच्या कारखान्यातले पत्र्याचे बिल्ले.
बोटीतून उतरवलेली आणि कुणीच न्यायला न आलेली ट्रंक,
आत डांबराच्या गोळ्या.
आणि कोपऱ्यात, काचेखाली,
बोटभर लांब, दोन बोटं रुंद,
एका कडेनं झिजलेली लाकडाची चपटी पट्टी.
क्र. ४१. लाकडी वस्तू. उपयोग अज्ञात.

भागू तारी आली ती पाणी प्यायला.
टोपली दारात ठेवली, माठातून दोन तांबे रिचवले,
आणि तोंड पुसता पुसता काचेत बघून म्हणाली,
"ह्यां अज्ञात कसला?
माझ्या बापाशीकडे अशीच होती.
जाळा विणताना सूत ह्येच्यावरसून घेवचा, गाठ मारूची,
मगे आस सगळे सारके येतत."

धुवाळी चष्मा काढून म्हणाले,
जिल्ह्याला कळवावं लागेल.
चिठ्ठी बदलायचा अर्ज वेगळा असतो.
"वल्हे"चं शुद्धलेखन त्यांनी कळवलंय,
त्यालाही आता अकरा वर्षं होतील.

तिनं ऐकलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं
जोडून काचेवर ठेवली, बरोबर पट्टीच्या वर.
पट्टी झाकली गेली. कुठूनही दिसेना.
"बापूस गेल्यावर आवशीन ती हातात धरल्यानच नाय.
हीच होती मगे," ती बोटांना म्हणाली.

मी तिथंच उभा. म्हणजे हे माप जाळ्याचं नव्हे,
जाळ्यातल्या रिकाम्या जागेचं.
काय ठेवायचं ते नाही,
केवढ्याला जाऊ द्यायचं ते.
शहरातल्या घुमटाच्या इमारतीत
हे बिल्ले, ही ट्रंक, ती बिथरलेली सुई
कशातही न अडकता आरपार गेली असती.

भेट-वहीत माझ्या आधीची नोंद सात महिन्यांपूर्वीची.
शेरा: पंखा चांगला आहे.
मी खाली लिहिलं, एक्केचाळीस,
जाळ्याचे आस राखायची पट्टी,
सांगणार भागू तारी, आणि तारीख.
धुवाळींनी ते दोनदा वाचलं.
फडकं घेऊन काचा पुसायला निघाले,
एकेचाच्या टेबलापाशी थांबले.
काचेवर दोन बोटांचे ठसे होते,
एक खवलं चिकटलेलं, चमकत.
तेवढी काच सोडून बाकीच्या पुसल्या.

बाहेर मी अर्धा डझन बांगडे घेतले.
सुटे माझ्याकडे नव्हतेच.
ती मात्र पुढच्या वेळी म्हणाली नाही,
वाणी उठेपर्यंत टोपलीशी बसून राहिली,
मीही.